तिसऱ्या माणसाचा विमा

तिला सगळे नीटबाई म्हणायचे. स्टुडिओत सोळा वर्षं पासपोर्टचे फोटो काढताना तिच्या तोंडी तो एकच शब्द असायचा. मान नीट, खांदे नीट, कॉलर नीट, आता पापणी लववू नका. एकदा एका बाईंनी खुर्चीवरून उठता उठता विचारलं, "नीटबाई, झालं का सगळं नीट?" तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकं त्याच नावाने विचारत यायची, आणि घरी नवरासुद्धा तिला चिडवायचं असलं की मुद्दाम तेच नाव घ्यायचा.

स्टुडिओचे मालक थकले. मुलाला फोटोंत रस नव्हता; त्याने तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. निरोप देताना मालकांनी तिला एक जुना कॅमेरा, दोन लाइट आणि त्यांचे उंच स्टँड दिले. "तुझा हात बसलाय," ते म्हणाले. "आता दुसऱ्याची नोकरी नको. स्वतःचं कर." एक्केचाळिसाव्या वर्षी तिने स्वतःचं केलं. पुढच्या खोलीत भिंतीला पांढरा पडदा लावला, आणखी एक कॅमेरा घेतला, कार्डं छापली आणि लग्नं, वाढदिवस, शाळांचे कार्यक्रम अशी कामं घ्यायला लागली.

तिची धाकटी नणंद एका विमा कंपनीच्या कचेरीत होती. एका रविवारी सकाळी ती कागदांची पिशवी घेऊन आली.

"वहिनी, मी आज नणंद म्हणून आलेली नाही."

"मग चहा मिळायचा नाही," नीटबाई म्हणाली आणि आधण ठेवलं.

नणंदेने टेबलावर दोन फॉर्म पसरले. "हा तुझ्या सामानाचा. कॅमेरा चोरीला गेला, भिजला, पडला तर. आणि हा तिसऱ्या माणसाचा."

"तिसरा कोण?"

"एक तू, दुसरी कंपनी. तिसरा म्हणजे बाकी सगळं जग. तुझ्या वायरीत कुणाचा पाय अडकला, तुझा लाइट कुणाच्या डोक्यात पडला, तर ते कोण निस्तरणार? नोकरीत होतीस तोवर मालकांच्या डोक्याला ताप होता. आता तुझ्या."

आणखीही बरंच सांगितलं तिने. काम घेताना दोन ओळी का होईना, लिहून घे. फोटोंची एक प्रत दुसऱ्या घरी ठेव. लग्नाच्या हॉलमध्ये पोरं धावतात, तेव्हा स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाक. नीटबाईने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि सामानाच्या फॉर्मवर सही केली. दुसरा फॉर्म तिने कपाटाच्या खणात ठेवला. पुढच्या महिन्यात भरते म्हणाली.

टाळायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. तिला खरोखरच वाटत होतं की सोळा वर्षांत आपल्या हातून काही पडलेलं नाही. स्टुडिओतले स्टँड सोळा वर्षं एकाच जागी उभे होते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्यानंतर चारेक महिन्यांनी तिला एका लग्नाच्या स्वागतसमारंभाचं काम मिळालं. दुपारची वेळ, जुना हॉल, गुळगुळीत फरशी. एका स्टँडवर पांढरी छत्री लावलेला लाइट चढवून ती वायर भिंतीकडे नेत होती, तेवढ्यात करड्या कोटातला एक किडकिडीत म्हातारा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो नवरीचा मामा. हॉलमधली लहानमोठी सगळीच त्याला मामा म्हणत होती, त्यामुळे तीही मामाच म्हणाली.

मामा वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. डाव्या हाताच्या पंजावर जुन्या भाजल्याचा चकचकीत डाग होता. त्यांनी स्टँडला एका बोटाने हलकेच ढकलून पाहिलं.

"पोरी, ह्याच्या पायाला वजन नाही."

"पिशव्या घरी राहिल्या, मामा."

ते खोटं होतं. पिशव्या तिने अजून घेतल्याच नव्हत्या.

"मी चाळीस वर्षं खांबांवर काढली," मामा म्हणाले. "खांबावरचा माणूस वर बघतो. मी आधी खाली बघायचो, म्हणून अजून आहे." ते आत गेले, पाण्याचे दोन भरलेले कॅन घेऊन आले आणि स्टँडच्या पायांना लावून ठेवले. "आता कर तुझं काम."

तासाभराने मोठा ग्रूप फोटो घ्यायचा होता. तीसएक माणसं, तीन रांगा. उजेड एका बाजूला कमी पडत होता म्हणून नीटबाईने स्टँड उचलून चार पावलं पुढे आणला. कॅन मागेच राहिले. तिच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. एका फोटोचा तर प्रश्न आहे, असं तिच्या मनात आलं होतं. नंतर तिला ते शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

"मामा, तुम्ही कडेला या. जरा लाइटकडे सरका."

मामा सरकले. त्यांच्यापुढे तीनचार वर्षांची एक मुलगी खाली बसली होती. तेवढ्यात मागून एक पोरगं धावत आलं, वायर त्याच्या पायात आली आणि स्टँड कलला. मामांनी तो सगळ्यांआधी पाहिला. लाइट मुलीवर पडू नये म्हणून ते मध्ये घुसले, एक हात वर केला. टण्ण असा आवाज झाला. पुढच्या क्षणी मामा एका हाताने स्टँड सरळ धरून उभे होते आणि हसत होते. छत्रीच्या आड काय झालं ते कुणाला दिसलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी लाइट झेलला, मामांनी लाइट झेलला, असं पोरं ओरडायला लागली.

नीटबाई धावत गेली. मामांच्या कानाच्या वर, पिकल्या केसांत लालसर खरचटल्यासारखं दिसत होतं. रक्त जवळजवळ नव्हतंच.

"मामा, लागलं तुम्हाला."

"काही नाही. जरासं घासलं."

"डॉक्टरला दाखवू या."

"गप," मामा हळू आवाजात म्हणाले. "तुझी मामी तिकडे बसलीय. तिला कळलं तर ती आत्ता सगळ्यांदेखत मला दवाखान्यात नेईल, आणि भाचीचं लग्न राहील बाजूला. कुणाला बोलू नकोस. शपथ आहे तुला. जा, फोटो काढ." त्यांनी तळहाताने केस सारखे केले.

नीटबाई कॅमेऱ्यामागे गेली आणि तिने फोटो काढला.

पाच आठवड्यांनी, सकाळी भांडी विसळत असताना तिचा फोन वाजला. पलीकडे मामी होत्या. आवाज इतका शांत होता की नीटबाईला आधी काही कळलंच नाही.

"आमचे गेले. गेल्या शनिवारी. लग्नातला त्यांचा एखादा चांगला फोटो असेल तर मोठा करून दे. घरात एकही धड फोटो नाही त्यांचा. कॅमेरा दिसला की उठून जायचे."

नीटबाईने ओल्या हातांनीच फोन घट्ट धरला. "कशाने गेले?"

"चालताना एका बाजूला झुकायला लागले. चमचा हातातून गळायचा. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एक दिवस उठवलं तर उठेनात. डोक्यात रक्त साकळलं होतं. शस्त्रक्रिया केली, पण शुद्धीवर आले नाहीत. डॉक्टर खोदून खोदून विचारत होते, कुठे डोकं आपटलं का. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू होत्या ना त्यांना. त्यात लहानसा मारही पुरतो म्हणे. आम्हाला काही आठवेना. लग्नातला लाइटही त्यांनी हातातच झेललेला."

"फोटो करून देते," नीटबाई म्हणाली.

त्या दुपारी तिने लग्नाचे सगळे फोटो उघडले. मामा बऱ्याच ठिकाणी होते आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाठमोरे. पाण्याचे कॅन उचलून आणताना. कुणाची तरी खुर्ची सरकवताना. समोरून असा एकच फोटो होता, तो ग्रूपचा. मामा कडेला उभे, हसत, कानावरचे केस जरा विस्कटलेले.

आणि आणखी एक होता. दुसरा कॅमेरा तिने तिपाईवर लावून ठेवला होता, तो आपोआप थोड्या थोड्या वेळाने एक फोटो घेत होता. त्यातल्या एका फोटोत स्टँड अर्धा कललेला होता. छत्रीखाली मामांचा वर गेलेला हात आणि त्या हाताच्या पलीकडे, लाइटच्या धातूला टेकलेलं त्यांचं डोकं. मागे, चार पावलांवर, पाण्याचे दोन कॅन.

ती किती वेळ पाहत बसली ते तिचं तिलाही कळलं नाही. पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं. तिचं बोट दोनदा तिथवर गेलं. तिने संगणक बंद केला आणि दार ओढून घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली.

त्यानंतर तिचं काम बिघडत गेलं. आधी आवाज सुरू झाला. कुठेही धातूवर धातू लागला, कुणी कडी लावली, पातेल्याचं झाकण पडलं की तिची मान आपसूक वळायची. मग लोकांचे चेहरे. पडद्यापुढे कुणी येऊन बसलं की तिची नजर आधी कानाच्या वर जायची, केसांत काही लाल दिसतंय का ते शोधायची. एका बाईंनी चिडून विचारलं, "माझ्या केसांत काय आहे हो?"

मग माणसं मोजताना चूक व्हायला लागली. ग्रूप फोटोच्या आधी रांगा मोजायची तिची जुनी सवय. एका शाळेत शिक्षकांचा फोटो होता. कॅमेऱ्यातून मोजले तर बावीस. कॅमेऱ्यापासून डोळा बाजूला घेऊन मोजले तर एकवीस. पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला, बावीस. कोण जास्तीचं आहे ते मात्र काही केल्या सापडेना. प्रत्येक चेहरा ओळखीचा, प्रत्येक जागा भरलेली. तिने फोटो काढला. घरी येऊन संगणकावर मोजले, एकवीस. मनाचे खेळ आहेत, असं तिने स्वतःला समजावलं. पण पुढच्या कामालाही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्या कामालाही. भीती वाटायची ती त्या जास्तीच्या माणसाची नाही. तो मागे राग धरून उभा असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. तो फक्त उभा होता, फोटो कधी निघतोय याची वाट बघत, बाकीच्यांसारखाच.

तिने लाइट वापरणं सोडून दिलं. सगळे फोटो खिडकीच्या उजेडात घ्यायला लागली. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली की हल्ली तशीच पद्धत आहे.

मामींचे दोन फोन येऊन गेले. फोटो झाला का? छपाईला दिलाय, असं ती म्हणत राहिली. फोटो केव्हाच छापून, चौकटीत बसवून कपाटामागे ठेवलेला होता, भिंतीकडे तोंड करून.

शेवटी ती नणंदेच्या कचेरीत गेली. जेवणाची सुट्टी होती, बाकीची टेबलं रिकामी होती. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. नणंद डबा उघडायची थांबली.

"तो दुसरा फॉर्म आता भरला तर?" नीटबाईने विचारलं.

"वहिनी, घडून गेलेल्या गोष्टीचा विमा नसतो."

"तारीख मागची घालता येते का?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. नणंदेने डबा बाजूला सारला. नीटबाईने खाली मान घातली. "मी असं विचारलं, हे विसर तू."

"विसरले." नणंदेने खुर्ची जवळ ओढली. "कचेरीतली बाई म्हणून सांगते, तोंड उघडू नकोस आणि कुठेही काही लिहून देऊ नकोस. तू सांगितलं नाहीस तर हे कुणाला कधीच कळणार नाही."

"आणि नणंद म्हणून?"

"नणंद म्हणून सांगते, तू गेल्या दहा दिवसांत आरशात पाहिलेलं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीटबाई चौकट कापडात गुंडाळून मामींकडे गेली. दुसरा मजला, दोन खोल्या. फरशी इतकी स्वच्छ की चप्पल दाराबाहेर काढूनही पाय टेकवायला संकोच वाटावा. मामी ठेंगण्या, पाठीत किंचित वाकलेल्या. त्यांनी कापड सोडलं, फोटो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"कोट चांगला दिसतोय," त्या म्हणाल्या. "घालायला तयार नव्हते. मीच भरीला घातलं."

"मामी, मला काहीतरी सांगायचंय."

तिने सांगितलं. फॉर्म खणात ठेवल्याचं, पिशव्यांबद्दल खोटं बोलल्याचं, कॅन मागे राहिल्याचं, कडेला या म्हणून आपणच सांगितल्याचं. आवाज झाला तो. मामा काय म्हणाले ते. काहीही गाळलं नाही. मामी उभ्याच होत्या, हातात चौकट घेऊन. सांगून संपल्यावर बाहेरच्या जिन्यावरून कुणीतरी उतरत गेलं.

"तुला कधी कळलं, ते गेल्याचं?"

"तुम्ही फोन केलात तेव्हा."

"म्हणजे अकरा दिवस झाले."

"हो."

मामी खुर्चीवर बसल्या. चौकट मांडीवर पालथी ठेवली. "ते झुकायला लागले त्या आठवड्यात मी न्हाणीघर घासलं होतं. साबणाचं पाणी होतं खाली. डॉक्टरांनी विचारलं ना, कुठे आपटले का, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं. ते घसरले असणार, आणि मला बोलले नसणार. रोज सकाळी मी त्या फरशीवर पाणी ओतून अनवाणी उभी राहते. घसरतं का बघते. माझा मुलगा काही म्हणत नाही. पण तेराव्या दिवशी त्याने तिथे रबरी चटई आणून टाकली. न बोलता." त्यांनी नीटबाईकडे पाहिलं. "तू अकरा दिवस फोटो छापत होतीस, आणि मी फरशी तपासत होते."

नीटबाईला वाटलं होतं की त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. दोन्हीची तयारी करून ती आली होती. ह्याची नव्हती. आपण लपवलं ते स्वतःला वाचवायला, एवढंच तिने धरलं होतं. त्याचं ओझं इतके दिवस दुसरंच कुणी वाहत असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मामी उठल्या. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हिरवी रबरी चटई होती, गुंडाळलेली, अजून ठिबकत असलेली. त्यांनी ती दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि हात पुसले.

"शपथ घातली होती म्हणालीस त्यांनी."

"हो."

"जन्मभर हेच केलं त्यांनी. खांबावर हात भाजला तेव्हाही तीन दिवस मोजा घालून हिंडत होते. मला काही सांगायचं नाही, काळजी नको म्हणून. त्यांचा राग मी आता कुणावर काढू?" मग जराशाने म्हणाल्या, "मुलगा बारा वाजता येतो. त्याला तूच सांग. माझ्या तोंडून निघायचं नाही."

मुलगा आला. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि तिपाईवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला तो फोटोही, छापून आणलेला, त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो पाहिला, मामींना दाखवला नाही, खिशात घातला.

"तुमचा विमा आहे?"

"कॅमेऱ्याचा आहे. ह्याचा नाही."

"लिहून द्या," तो म्हणाला.

तिथेच त्यांच्या टेबलावर बसून तिने दीड पान लिहून दिलं आणि खाली सही केली. नणंदेला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

मुलाने वकील गाठला. वकिलाचं पत्र आलं, डॉक्टरांचं मत मागवलं गेलं. त्याच मारामुळे झालं असं खात्रीने सांगता येत नाही, झालं नाही असंही नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं. ह्या एका वाक्यावर दोन्ही बाजूंचे वकील वर्षभर भांडू शकले असते. मामींनी ते होऊ दिलं नाही. कोर्टात जाऊन माझ्या माणसाचं डोकं कुणी मोजत बसू नये, एवढंच त्या म्हणाल्या. दवाखान्याचा खर्च नीटबाईने थोडा थोडा करून भरावा असं ठरलं. दुसरा कॅमेरा विकला, पहाटे वर्तमानपत्रांत पुरवण्या घालायचं काम धरलं, आणि दोन वर्षं ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या दुसऱ्या मजल्यावर जात राहिली. दार कधी मामी उघडायच्या, कधी मुलगा. पाणी विचारायचे. बसा म्हणत नसत.

तिसऱ्या माणसाचा विमा तिने ते दीड पान लिहून दिलं त्याच महिन्यात उतरवला होता. नणंदेच्या कचेरीत नव्याने धंद्यात पडलेलं कुणी कॅमेरावालं आलं की नणंद त्यांना नीटबाईचा नंबर द्यायची. ती फोनवर फार बोलत नसे. स्टँड हलवलात तर वजनही हलवा, म्हणायची. कुणाला जरासंही लागलं, तर तो नको म्हणाला तरी त्याच्या घरच्यांना सांगा. काम घेताना दोन ओळी लिहून घ्या. पलीकडून कुणी विचारलं, तुम्हाला काही अनुभव आहे का, तर हो म्हणायची आणि फोन ठेवायची.

मोजण्यातली चूक मात्र गेली नाही. सांगून टाकल्यावर जाईल असं तिला वाटलं होतं. कॅमेऱ्याला डोळा लावला की एक माणूस जास्तीचा भरायचा, आणि ती त्याच्यासाठी चौकटीत जागा सोडायला लागली होती. तिच्या फोटोंत कडेला नेहमी थोडी मोकळी जागा का असते, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं. ती म्हणाली, कापायला बरं पडतं.

शेवटच्या खेपेला मुलाने दार उघडलं. मामी झोपल्या होत्या. त्याने तिला सगळं चुकतं झाल्याचा कागद दिला. ती जिना उतरायला लागली, तर तोही मागोमाग खाली आला. फाटकापाशी थांबला. दोन वर्षांत त्याने तिला कामाशिवाय एक शब्द विचारला नव्हता.

"मी तेव्हा हॉलबाहेर होतो. लागल्यावर बाबा हसले होते असं तुम्ही लिहिलंय. खरंच हसले होते, की तुम्ही आपलं लिहिलंत?"

"हसले होते."

"कसे?"

नीटबाईने जरा विचार केला. "एखादी गोष्ट पडता पडता हातात सापडली की माणूस हसतो ना, तसे. ती मुलगी खाली बसली होती, तिच्याकडे बघून."

तो फाटकाची कडी वर-खाली करत उभा राहिला. तिची मान त्या आवाजाकडे वळली, तिने ती वळू दिली.

"दवाखान्यात मी चौदा दिवस त्यांच्याशेजारी बसलो," तो म्हणाला. "डोळेच उघडले नाहीत त्यांनी. मला त्यांचा आधीचा चेहराच आठवेना झालाय." मग म्हणाला, "ती मुलगी माझी आहे. आता शाळेत जाते."

तिला हे ठाऊक नव्हतं. तो उत्तराची वाट न बघता आत वळला. तिला दुपारी एका साखरपुड्याला पोचायचं होतं, सामान रिक्षात होतं, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.